गाडी वेळेवर आली तो शनिवार

आमचं मेडिकलचं दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. हे काउंटरवर आणि मी आत औषधं काढून द्यायला, अशी आमची बरीच वर्षं गेली. घर दुकानाच्या मागच्याच बोळात. पुराच्या वर्षी दुकानातला सगळा माल गेला, फ्रीज तरंगत मागच्या भिंतीला जाऊन टेकला, आणि आता इथे पुन्हा उभं राहणं नको असं आम्ही दोघंही म्हणालो. पण राहिलो. महाडमध्ये सगळेच असं म्हणतात आणि सगळेच राहतात.

त्यानंतर वर्षभराने आईला आम्ही वाडीवरून खाली आणलं. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच असायची. दोन शेळ्या, थोडी नाचणी, शेजारपाजार, तिचं छान चाललं होतं. एकदा दुपारी शेजारच्या काकाचा फोन आला. "तुझी आय सकाळी पान्याला गेली ती परत नाय आली. आमी समदीकडं बघितलं." संध्याकाळी ती सापडली पलीकडच्या वाडीत, कुणाच्या तरी ओट्यावर बसलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपलं घर कुठे आहे ते विचारत होती. जिथे ती लग्न करून आली, जिथे आम्हा दोघांना वाढवलं, ते घर.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि दादा. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दहावी झाल्यावर मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. आता डोंबिवलीला असतो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. आईचा सगळा जीव त्याच्यात. लहानपणी तो शाळेतून यायच्या वेळेला ती बांधावर जाऊन उभी राहायची. मी त्याच वाटेने त्याच्या मागून यायची, तरी तिचे डोळे त्याच्यावर. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं नाही. पण ते आमच्या घरातलं हवापाणी होतं, त्यावर कोण बोलणार?

आईला खाली आणल्यावर दादा म्हणाला, "आठवडाभर तू बघतेस. शनिवारी मी येत जाईन. रविवारी संध्याकाळी परत." आणि तो येऊ लागला. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एसटीचा प्रश्नच नव्हता. आमच्या हायवेचं काम सुरू झालं तेव्हा माझी मुलगी शाळेत होती, आता ती पुण्याला नोकरी करते, आणि काम चालूच आहे. म्हणून मग रेल्वे. डोंबिवलीजवळच्या दिवा स्टेशनातून सकाळी सुटणारी पॅसेंजर.

आमचं स्टेशन महाडात नाही. हायवेने मुंबईच्या अंगाला जायचं, मग आत वळायचं. मिनीडोर रिक्षा असतात, पण त्या गाडीच्या वेळेला, आणि गाडीला वेळ नव्हती. आमच्या बाजूला रूळ एकेरी. समोरून गाडी येत असेल किंवा मागून एक्स्प्रेस, तर एकीने स्टेशनात बाजूला उभं राहायचं आणि दुसरीला जाऊ द्यायचं. उभं राहायची पाळी नेहमी आमच्या पॅसेंजरची. कधी तास, कधी दोन. लोक रुळांत उतरून पाय मोकळे करायचे. बायका आपली लेकरं घेऊन उन्हात तापलेल्या डब्यात बसून राहायच्या.

दादा शनिवारी फोन करायचा. "लेट आहे गं. रोह्याला थांबवलीय. एक्स्प्रेस काढतायत." शनिवार आमच्या दुकानात सगळ्यात गर्दीचा. मी अडीचच्या सुमाराला जेवायला घरी जायची तेव्हा दादा नुकताच आलेला असायचा, आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलेला. आई उठून बसलेली, तिच्या चेहऱ्यावर हसू. आठवडाभर जी बाई माझ्याशी दोन वाक्यं धड बोलत नसे, ती त्याला विचारत असायची, "जेवलास का रे? वाळलास किती!" मी दारातूनच बघायची. वाटायचं, बिचारा सकाळी अंधारात निघतो आणि दुपार उलटल्यावर पोचतो. ही गाडी वेळेवर आली तर त्याला आईचे आणखी दोन-तीन तास मिळतील.

त्याच विचाराने मी प्रवासी मंडळात गेले.

मंडळ म्हणजे फार काही नव्हतं. कोर्टातले एक वकील अध्यक्ष, त्यांच्या ओळखीचे काही नोकरदार, आणि निवेदनं. निवेदनं खूप होती. मी गेले तेव्हा मंडळात एकटीच बाई. वकीलसाहेब मोठे उत्साही. त्यांनी ओळखीपाळखीने रेल्वेच्या एका मोठ्या अधिकाऱ्याची भेट मिळवली आणि आम्ही तिघं, वकीलसाहेब, मी आणि एक नोकरदार, शहरात त्या ऑफिसात गेलो. मी मनाशी तयारी करून गेले होते. हे टाळाटाळ करतील, मी अमुक बोलेन, तमुक बोलेन.

अधिकारी तरुण होता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमची गाडी लेट होत नाही हो. ती लेट केली जाते."

वकीलसाहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"इंजिन चांगलं आहे, रूळ चांगले आहेत. पण एकाच रुळावर दोन गाड्या आल्या की एक थांबवावी लागते. एक्स्प्रेस थांबवली तर पाच मिनिटांत आमचे फोन वाजायला लागतात. मंत्रालयातून, दिल्लीतून. तुमची गाडी थांबवली तर कुणीच फोन करत नाही."

"आम्ही फोन करत नाही म्हणून?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच होता.

तो जरासुद्धा रागावला नाही. "खरं सांगायचं तर, हो. निवेदनं मोजली जात नाहीत, प्रवाशाने स्वतः टाकलेली तक्रार मोजली जाते. कागदोपत्री त्या गाडीबद्दल लोकांना काहीच त्रास नाही."

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर वकीलसाहेब फूटपाथवरच थांबले आणि म्हणाले, "इतकी वर्षं आपण देवाला सांगत होतो. भलत्याच देवाला." मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण आला तो आमचाच. लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या बायका माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांना त्रास नाही, असं कुठेतरी लिहिलेलं होतं आणि ते आम्हीच लिहू दिलं होतं.

परत आल्यावर आम्ही एकच गोष्ट केली. गाडी थांबली की ज्याने त्याने मोबाईलवरून तक्रार टाकायची. डब्यात बसल्या बसल्या. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "गाडीने जाता का? मग हे शिकून घ्या." खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या म्हाताऱ्याच्या हातून मी तक्रार टाकून घेतली आहे. तुडील गावच्या एक मावशी म्हणाल्या, "ताय, मला लिवता नाय येत." मी म्हटलं, "बोलता येतं ना? बोला." त्यांनी फोन तोंडापाशी धरून जे काय सुनावलं, ते ऐकून दुकानातली माणसं हसता हसता बाहेर गेली. ह्यांनी मात्र मला सांगितलं, "गिऱ्हाइकाला आधी औषध देत जा."

पुरं वर्ष असं गेलं. तक्रारींनी झालं की आणखी कशाने, मला माहीत नाही. तिकडे वरच्या अंगाला एका स्टेशनात थांबायला जादा रूळ टाकून झाला आणि गाडीची वेळ बदलली. ती दिव्याहून थोडी उशिरा सुटणार होती, म्हणजे तिला अडवणाऱ्या दोन्ही एक्स्प्रेस आधीच पुढे निघून गेलेल्या असतील. कागदावर इतकं साधं होतं ते, की आमचा विश्वास बसेना.

आणि पहिल्याच दिवशी गाडी वेळेवर आली.

महाडला जो धक्का बसला तो मी विसरणार नाही. खेड-चिपळूणकडे रोज जाणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी चुकली. त्यांना घरून उशिरा निघायची सवय लागली होती, आणि त्या सवयीवर त्यांची सगळी सकाळ रचलेली. एक शिक्षिका दुपारी दुकानात आल्या त्या तणतणतच. "तुमच्यामुळे माझी रजा गेली! वेळेवर येणार म्हणून सांगायचं तरी!" मी म्हटलं, "वेळापत्रकात लिहिलंय की." तर म्हणाल्या, "वेळापत्रकावर कोण विश्वास ठेवतं?" मिनीडोरवाले स्टेशनात पोचले तेव्हा उतारू केव्हाचे रस्त्याला लागून चालत निघाले होते. दुसऱ्या दिवशीही गाडी वेळेवर आली. तिसऱ्या दिवशीही. लोक घड्याळाकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे, काहीतरी चुकतंय अशा चेहऱ्याने. वकीलसाहेबांनी मला फोन केला आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, "हे टिकेल ना?"

टिकलं. मग ठरलं की शनिवारी सगळ्यांनी स्टेशनवर जायचं, गाडीच्या चालकाला हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. मी दादाला नव्या वेळेबद्दल आधीच कळवलं होतं. पण शनिवारी मी स्टेशनवर असणार, हे मुद्दाम सांगितलं नाही. त्याला गंमत वाटेल, म्हटलं. एकत्र घरी जाऊ, आईला पेढा देऊ.

हे बडबडत का होईना, काउंटर एकट्याने सांभाळायला तयार झाले. मी नवी साडी नेसले. इतकी खूश मी त्याआधी कशाबद्दलच झाले नव्हते.

गाडी आली. वळणावर दिसली तेव्हा टाळ्याच पडल्या. आम्ही पुढे इंजिनापाशी. चालक खिडकीतून खाली बघून गोंधळला, बहुधा त्याला वाटलं आंदोलन आहे. हार दिसल्यावर हसला. वकीलसाहेबांनी नारळ फोडला. मी मात्र मागे डब्यांकडे बघत होते. उतरलेले लोक पुढे येत होते, पिशव्या, पोती, कडेवर मुलं. दादा दिसेना. गाडी सुटली. फलाट रिकामा होत आला. मला वाटलं, आज यायचं राहिलं की काय, बरं नाही की काय. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादाच होता.

"अगं, लेट आहे गाडी," तो म्हणाला.

मी रिकाम्या रुळांकडे बघितलं. "कुठे आहेस?"

"गाडीतच. रोह्याच्या अलीकडे उभी केलीय. तासभर तरी लागेल. नवं वेळापत्रक वगैरे सगळं कागदावर गं. तू जेवून घे."

तो बोलत होता आणि त्याच्या मागून आमच्या स्टेशनची घोषणा ऐकू येत होती. माझ्या डोक्यावरच्या भोंग्यातून येणारे शब्द, तेच, त्याच आवाजात, माझ्या कानातल्या फोनमधून. मी फोन कानाला तसाच धरून मागे वळले. फलाटाच्या पार शेवटाला, शेड संपते तिथे, एका बाकावर एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. पायाशी निळी बॅग. ती बॅग मीच दिलेली.

"बरं," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

वकीलसाहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे आले. "घ्या ताई, हे तुमचं यश." मी पेढा घेतला. तो हातातच राहिला. माझ्या डोक्यात एकामागून एक काय काय येत गेलं, ते आता लिहायलाही लाज वाटते. दादाची नोकरी गेली. दादाला काही आजार आहे. दादाचं इथे जवळपास कुणी आहे. पन्नाशी उलटलेला, दोन मुलांचा बाप, माझा सरळमार्गी भाऊ, आणि पाच मिनिटांत मी त्याच्याबद्दल इतकं वाईट चिंतून मोकळी झाले.

मी चालत गेले. त्याच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. तो उठला, परत बसला.

"तू इथे कशी?"

"तू इथे कसा? तू तर रोह्याला आहेस."

त्याने बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी त्याच्या शेजारी बसले. मग विचारलं, "आजच, की नेहमीच?"

"नेहमी नाही. आधी गाडी खरंच लेट असायची."

"आणि लेट नसेल तेव्हा?"

"तेव्हा इथे बसतो. दीड वाजेपर्यंत."

"का?"

त्याने हात चोळले. दादाला रडताना मी एकदाच बघितलं होतं, वडील गेले तेव्हा. आत्ता तो रडत नव्हता, पण चेहरा तसाच होता. "आई मला ओळखत नाही गं."

"काहीतरी बोलू नकोस. मी रोज बघते तिला. तू आलास की फुलते ती."

"तू अडीच वाजता बघतेस. मी दारातून आत येतो तेव्हा नाही बघितलंस तू." तो रुळांकडे बघत बोलत होता. "पहिल्या दोन-तीन शनिवारी ठीक होतं. मग एकदा मी आत पाऊल टाकलं आणि ती किंचाळली. चोर म्हणाली मला. कोयता कुठाय, कोयता, म्हणून शोधायला लागली. मावशीने कसंबसं धरलं."

मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. मी दुकानात असते तेव्हा त्या आईपाशी बसतात.

"मावशींना माहीत आहे?"

"मीच त्यांना शपथ घातली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने काठी मारली. मग एकदा गाडी खरंच खूप लेट झाली. पोचलो तेव्हा आई जेवून झोपलेली. मी चप्पल बाहेर काढून हळूच आत गेलो आणि तिच्या उशाशी बसलो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, कवा आलास रे?" त्याने पायाशी ठेवलेली बॅग उगीच जवळ ओढली. "झोपेतून उठताना मी आधीच समोर असलो, तर मी तिचा मुलगा. दारातून आलो, तर चोर. एकदा ओळखलं की रविवारपर्यंत टिकतं. म्हणून मग तिची झोपायची वेळ होईपर्यंत इथे बसायला लागलो."

घरातली बाई मी. आईचं अंग पुसणारी मी, तिच्या गोळ्या मोजून देणारी मी, आणि माझ्या घरात हे चाललेलं मला माहीत नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू त्या गाडीसाठी जीव टाकत होतीस. घरी आलो की म्हणायचीस, दादा, तुला आईपाशी आणखी वेळ मिळेल. तुला कसं सांगू, की गाडी लेटच बरी म्हणून?"

मला राग आला. कसला ते मला नीट सांगता येणार नाही. त्याने खोटं बोलल्याचा होता, मावशींनी लपवल्याचा होता, आणि हातात तो पेढा अजून तसाच होता, त्याचाही होता. मी म्हटलं, "ऊठ. आपण आत्ता घरी जायचं. मी बरोबर असले की ती काही करणार नाही. तू एकटा जातोस म्हणून घाबरते ती."

"नको गं."

"मला बघायचंय."

आम्ही मिनीडोर करून निघालो. घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. आई पलंगावर बसून, मांडीवर सूप घेऊन लसणीच्या पाकळ्या सोलत होती. मावशींनी दादाला माझ्यामागे बघितलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या.

"आई," मी शक्य तितक्या हसतमुखाने म्हटलं, "बघ कोण आलंय."

आईने वर बघितलं. तिचे डोळे माझ्यावरून दादावर गेले आणि तिथे थांबले. मग तिच्या चेहऱ्यात जो बदल झाला, तसा मी तिच्या चेहऱ्यात कधी बघितला नव्हता. मांडीवरचं सूप तिने भिरकावलं. "कुनाला घेऊन आलीस गो? भायेर काड त्याला! भायेर काड!"

"आई, दादा आहे. तुझा मुलगा."

"माझा पोर?" ती इतक्या मोठ्याने हसली की मी दचकले. "माझा पोर येवडा म्हातारा हाय? माझा पोर मुंबैला हाय. शनवारी येतो. आज यायचा हाय तो. त्याच्या आधी ह्या मेल्याला भायेर काड, नायतर तो आल्यावर बघ कसा बडवील!"

दादा दारातच उभा होता. त्याने चप्पलसुद्धा काढली नव्हती. केस पांढरे, पाठ जरा वाकलेली, हातात निळी बॅग. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदाच दिसलं की तो खरंच म्हातारा होत चाललाय, आणि हुबेहूब वडिलांसारखा दिसतो. आईला काठी सापडली होती. मावशी तिला आवरत होत्या. दादा काहीही न बोलता मागे वळला आणि बोळातून दुकानाकडे चालू लागला.

आई थरथरत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने मला ढकललं. मग हळूहळू निवली. मला विचारलं, "गेला?"

"गेला."

"बरं जालं. माझा पोर येल आता. भाकरी टाक त्याच्यासाटी."

मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी टाकली. दुसरं काय करणार होते? पीठ मळताना मला कळेना की मी हात चालवतेय की हात मला चालवतायत. मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "ताई, मला लय वेळा वाटलं सांगावं. पण दादांनी हात जोडले माझ्यापुढं." मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांची समजूत काढली, पण त्या दिवशी नाही जमलं.

आई जेवली, झोपली. मी दुकानात गेले. दादा काउंटरच्या आत स्टुलावर बसला होता आणि ह्यांनी त्याच्यापुढे चहा ठेवला होता. काय झालं ते त्याने ह्यांना सांगितलं नव्हतं, ह्यांनी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "झोपली. चल."

त्याने बाहेर चप्पल काढली. पाय न वाजवता आत गेला, खुर्ची न सरकवता नुसती उचलून पलंगापाशी ठेवली, बसला. हे सगळं त्याला सवयीचं झालं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पाऊण-एक तासाने आईने कूस बदलली, डोळे उघडले. तिने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग तिचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्याच्या गुडघ्यावर पडला.

"कवा आलास रे?"

"हा काय, आत्ताच," दादा म्हणाला. "गाडी लेट होती आई."

"जळली मेली ती गाडी," आई म्हणाली. "सकाळधरनं एक मानूस येऊन तरास देतोय. तू हवा हुतास."

दादा म्हणाला, "आता आलोय ना."

मी आत जाऊन चुलीपाशी भिंतीला टेकून बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ह्या दुखण्यात असं होतं, तिच्या मनातला मुलगा तरुणच आहे. उपाय असा नाही. सांभाळून घ्या. दादाने त्या बाकावर बसणं बंद केलं, तेवढा एक फरक पडला. आता तो गाडीतून उतरतो तो सरळ दुकानात येतो. स्टुलावर बसून माल आला असेल तर खोकी फोडतो, तारखा बघून मागेपुढे लावतो. मधल्या वेळात मी आणि तो तिथेच आत डबा उघडून जेवतो. लहानपणानंतर आम्ही दोघं इतका वेळ एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. तो मुलांच्या शिक्षणाचं बोलतो, मी आईचं. एकदा मी त्याला सांगून टाकलं, की तू शाळेतून यायचास तेव्हा ती तुझ्यासाठी बांधावर उभी राहायची, माझ्यासाठी नाही. तो म्हणाला, "माहीत आहे गं. म्हणून मी मुद्दाम हळू चालायचो, तू बरोबर यावीस म्हणून." मला ते खरं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

मंडळात मी अजून आहे. पावसाळ्यात गाडी रेंगाळते, तेव्हा तक्रारी टाकतो. सध्या आम्ही संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या मागे आहोत. वकीलसाहेबांना मी कधी काही सांगितलं नाही. त्या दिवशी मी पेढा का खाल्ला नाही, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, उपास होता.

गेल्या महिन्यात एका शनिवारी दादा नेहमीसारखा तिच्या उशाशी बसला होता. मीही होते. आई जागी झाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. आम्ही वाट बघत होतो. ती ओरडली नाही. पण नेहमीचं वाक्यही आलं नाही. तिने पदर सारखा केला आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

दादाचं तोंड उघडं राहिलं. आजपर्यंत ती त्याला अरे-तुरे करून हाकलायची, त्यात निदान घरोबा होता.

मी काही बोलणार, तोच दादा म्हणाला, "पाहुणा आहे मी. पोलादपूरकडचा."

"असं का?" आई खुलली. "आमीपन तिकडचंच. बसा." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाव्हन्याला चाय दे गो. उपाशी नको धाडू."

मी उठले आणि आधण ठेवलं. बाहेरून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. आई त्याला वाडीवरच्या वाटा सांगत होती, कुठल्या वळणावर झरा आहे, कुठल्या आंब्याखाली बसायला बरं. तो हो हो म्हणत होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती त्याला विचारत होती, "मुंबैला माझा पोर हाय. तुमची कदी गाठ पडते का?"

"पडते," दादा म्हणाला. "बरा आहे तो."